मध्यस्थ गेला, भाडेकरू आला : प्लास्टिक, उष्णता आणि आयनांची अदलाबदल

(या भागाचं शब्दांकन. बोलण्याची लय शक्य तितकी तशीच ठेवली आहे.)

मागच्या भागाच्या शेवटी मी म्हटलं होतं, की पुढच्या वेळी माझ्या स्वतःच्या कामाबद्दल बोलेन. तेव्हा आज विषय आहे वीज वाहून नेणारं प्लास्टिक, आणि त्या प्लास्टिकला उष्णतेपासून वीज कशी करायला लावायची हा. मी पीएचडी याच विषयात केली. आणि आज मी माझी एक चूकही सांगणार आहे. ती चूक सांगितल्याशिवाय हा विषय नीट कळत नाही, असं मला वाटतं.

सुरुवात साधी करू. एखाद्या धातूच्या पट्टीचं एक टोक गरम ठेवलं आणि दुसरं गार, तर दोन टोकांमध्ये थोडासा व्होल्टेज तयार होतो. गरम बाजूचे इलेक्ट्रॉन जास्त धावपळ करतात, गार बाजूला जाऊन गोळा होतात, एवढंच. १८२१ साली टॉमस योहान सीबेक या जर्मन शास्त्रज्ञाला हे दिसलं. गंमत म्हणजे त्याला वाटलं हा चुंबकत्वाचा प्रकार आहे, कारण त्याच्या जोडणीजवळची चुंबकसुई हलली होती. खरं तर सुई हलली ती त्या जोडणीतून वीज वाहत होती म्हणून. आजही एका केल्व्हिनच्या फरकाला किती व्होल्ट मिळतात, त्या आकड्याला आपण सीबेक गुणांकच म्हणतो. म्हणजे निरीक्षण बरोबर, अर्थ चुकलेला, तरी नाव त्याचंच राहिलं. ही गोष्ट लक्षात ठेवा, मला पुढे लागणार आहे.

या परिणामावर चालणारी यंत्रं आपल्याला परकी नाहीत. १९७७ साली सोडलेली व्हॉयेजर यानं सूर्यापासून इतकी लांब आहेत की सौर पॅनेल तिथे निरुपयोगी. त्यांच्यात प्लुटोनियमच्या उष्णतेपासून अशीच वीज बनते, एकही फिरता भाग नसताना. १९९८ साली सेईको कंपनीनं मनगटाच्या उष्णतेवर चालणारं घड्याळ काढलं होतं. म्हणजे कल्पना जुनी, आणि ती चालते हेही सिद्ध झालेलं.

मग अडचण कुठे आहे? अडचण पदार्थात आहे. खोलीच्या तापमानाला सगळ्यात चांगलं काम करतो तो बिस्मथ टेल्युराइड. यातलं टेल्युरियम हे मूलद्रव्य पृथ्वीच्या कवचात फार थोडं आहे. शिवाय हा पदार्थ ठिसूळ. गरम पाण्याच्या पाइपाला कापडासारखा गुंडाळायचा म्हटलं तर तुकडे होतील.

इथे प्लास्टिक येतं. तुम्ही म्हणाल, प्लास्टिक तर वायरच्या वर असतं, शॉक लागू नये म्हणून! बरोबर. पण सगळी प्लास्टिकं तशी नसतात. १९७७ साली शिराकावा, मॅकडायर्मिड आणि हीगर या तिघांनी पॉलिअॅसिटिलीन नावाच्या पॉलिमरला आयोडीनची वाफ दिली, आणि त्याची वाहकता लाखो पटींनी वाढली. २००० सालचं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना यासाठीच मिळालं. आयोडीननं काय केलं? पॉलिमरच्या साखळीतून इलेक्ट्रॉन काढून घेतले. इलेक्ट्रॉन गेला की त्याची रिकामी जागा उरते. तिला होल म्हणतात. ही रिकामी जागा साखळीवर सरकत जाते आणि वीज वाहते. यालाच डोपिंग म्हणतात.

आता थोडं गणित. घाबरू नका, एकच सूत्र आहे. पदार्थ किती चांगला हे ठरवताना आपण सीबेक गुणांकाचा वर्ग करतो आणि त्याला वाहकतेनं गुणतो. याला पॉवर फॅक्टर म्हणतात. त्याला तापमानानं गुणून, पदार्थ किती उष्णता पलीकडे जाऊ देतो त्यानं भागलं, की मिळतो झेडटी. बिस्मथ टेल्युराइडचा झेडटी साधारण १. प्लास्टिकचा एक जन्मजात फायदा असा की ते उष्णता फारशी जाऊ देत नाही, म्हणजे भागाकारात खालचा आकडा आपोआप लहान. गरम टोक गरम राहतं, गार टोक गार.

पण वरच्या दोन आकड्यांचं एकमेकांशी पटत नाही. डोपिंग वाढवलं की होल वाढतात, वाहकता वाढते, आणि सीबेक गुणांक कमी होतो. एक वर ओढलं की दुसरं खाली जातं. आखूड पांघरुणासारखं, डोकं झाकलं की पाय उघडे. बऱ्याच पॉलिमरमध्ये असं दिसतं, की वाहकता १६ पट झाली तर सीबेक गुणांक साधारण निम्मा होतो. हा काही निसर्गाचा अटळ नियम नाही, मोजमापांतून दिसलेला कल आहे. तरी हिशोब करून बघा. निम्म्याचा वर्ग पाव, पाव गुणिले १६ म्हणजे ४. म्हणजे तोटा होऊनही पॉवर फॅक्टर चौपट. तेव्हा वाहकता वाढवण्यात अर्थ आहे, फक्त ती नीट वाढवली पाहिजे.

आता 'नीट' म्हणजे काय, ते सांगते.

माझं पॉलिमर होतं पीबीटीटीटी. लांबलचक नाव आहे, आद्याक्षरांवरच भागवू. त्याची पातळ फिल्म काचेवर केली की जांभळट-लाल दिसते. याच्या साखळ्या एकावर एक, थरांत, बऱ्यापैकी शिस्तीत बसतात. थरांच्या मध्ये त्यांच्या बाजूच्या शेपट्या असतात, तिथे थोडी मऊ, मोकळी जागा असते. याचा इलेक्ट्रॉन काढायला वापरतात एफ-फोर टीसीएनक्यू नावाचा रेणू. तो इलेक्ट्रॉन घेतो, स्वतः ऋण आयन होतो, आणि जातो कुठे? कुठेच नाही. तिथेच राहतो. कारण फिल्मवर धन भार आला की शेजारी तेवढाच ऋण भार हवाच.

मी हे माझ्या आईला असं समजावलं होतं. समजा एका मध्यस्थानं लग्न जुळवलं. चांगलं जुळवलं. पण लग्न झाल्यावर तो त्याच दोन खोल्यांच्या घरात राहायला आला! काम त्याचं चोख, पण राहणं अडचणीचं. एकाच माणसाकडून आपण दोन कामांची अपेक्षा करतो. इलेक्ट्रॉन काढून घ्यायचा, आणि नंतर आयुष्यभर गुपचूप शेजारी राहायचं. या दोन कामांना लागणारे गुण वेगवेगळे आहेत.

२०१९ साली टोकियो विद्यापीठातल्या गटानं ही दोन कामं वेगळी केली. त्यांचा शोधनिबंध 'नेचर'मध्ये आला. करायचं काय, तर पॉलिमरची फिल्म अॅसिटोनायट्राइलच्या अशा द्रावणात बुडवायची ज्यात एफ-फोर टीसीएनक्यू आहेच, पण त्याच्या कितीतरी पट जास्त एक आयनिक लवण आहे. त्या लवणातला ऋण आयन म्हणजे टीएफएसआय. हा स्वभावानं शांत. त्याला इलेक्ट्रॉन नको असतो, त्याचं पोट भरलेलं आहे. तर होतं असं, की एफ-फोर टीसीएनक्यू आत येतो, इलेक्ट्रॉन घेतो, आयन होतो, आणि बाहेर टीएफएसआयची एवढी गर्दी असते की त्यातला एक आत येऊन याची जागा घेतो. मध्यस्थ बाहेर गेला, शांत भाडेकरू आत आला. हीच आयनांची अदलाबदल.

आणि यात एक दुसरा फायदाही दडलेला आहे. गावाकडची पंगत आठवा. पहिली पंगत उठली की दुसरी बसते. उठलीच नाही तर मागचे उभेच. मध्यस्थ बाहेर पडत गेला की नवे मध्यस्थ आत येऊन आणखी इलेक्ट्रॉन काढू शकतात. टोकियोच्या गटाला जवळजवळ प्रत्येक मोनोमर एककामागे एक होल मिळाला. एवढं भरगच्च डोपिंग करूनही थरांची शिस्त मोडली नाही. शिवाय अशी फिल्म गरम केल्यावर जुन्या पद्धतीच्या फिल्मपेक्षा जास्त टिकली. उष्णतेवरच काम करायचंय म्हटल्यावर हे महत्त्वाचं, नाही का?

पुढे केंब्रिजच्या गटानं वेगवेगळ्या आकारांचे आयन घालून पाहिलं. आमच्यापैकी पुष्कळांची समजूत अशी, की आयन मोठा असेल तर तो होलपासून लांब राहील, त्याला कमी खेचेल, म्हणून वाहकता वाढेल. २०२२ साली त्यांनी दाखवलं की भरपूर डोपिंग असताना आयनाच्या आकाराचा फारसा फरक पडत नाही. साखळ्या किती शिस्तीत बसल्यात, त्यावर सगळं ठरतं. म्हणजे भाडेकरू लहान की मोठा हा मुद्दा नव्हताच, त्यानं घराच्या भिंती हलवल्या का, हा होता.

आता माझी गोष्ट.

मी तेव्हा पीएचडीच्या शेवटच्या वर्षात होते. फेलोशिपचे सहा महिने उरलेले. जुन्या पद्धतीनं, म्हणजे नुसत्या एफ-फोर टीसीएनक्यूनं केलेल्या माझ्या फिल्मची वाहकता होती साधारण ४० सिमेन्स प्रति सेंटिमीटर, आणि सीबेक गुणांक ७० मायक्रोव्होल्ट प्रति केल्व्हिन. पॉवर फॅक्टर येत होता २०च्या आसपास. (एकक आहे मायक्रोवॉट प्रति मीटर प्रति केल्व्हिन वर्ग, पण दर वेळी म्हणत नाही.) मग मी अदलाबदलीची पद्धत सुरू केली. पहिल्यांदा फिल्म बुडवली तेव्हा तो जांभळट-लाल रंग डोळ्यांदेखत उडाला. काच जवळजवळ पारदर्शक, हलकी निळसर-करडी. रंग उडणं म्हणजे डोपिंग झाल्याची खूण. मी ग्लोव्हबॉक्सच्या काचेला नाक लावून बघत बसले होते.

वाहकता आली ६००. सीबेक गुणांक आला ६२. पॉवर फॅक्टर २३०! मी तीन वेळा गुणाकार केला.

माझ्या शेजारच्या टेबलावर एक ज्युनिअर बसायची, पहिल्या वर्षाची. तिनं आकडे पाहिले आणि म्हणाली, "ताई, वाहकता पंधरापट वाढली, मग सीबेक इतका कमी का पडला? सत्तरचा पस्तीस-छत्तीस व्हायला हवा ना?"

मी काय म्हणाले असेन? "अगं, म्हणूनच तर ही बातमी आहे!"

खरं सांगते, तो प्रश्न मला आवडला नव्हता. तो कलाविरुद्धचा आकडाच माझा शोध होता. मी तो एका परिषदेसाठी सारांशात लिहून पाठवलाही. सरांनी विचारलं, "खात्री आहे ना?" मी हो म्हटलं. चार वेगळ्या फिल्मवर मोजला होता मी, चारही वेळा ६०च्या आसपास. मला वाटलं, चारदा आला म्हणजे खरा. पण चूक मोजपट्टीत असेल तर ती चारदाच काय, चाळीसदाही तशीच येते.

दहा-बारा दिवसांनी ती ज्युनिअर तिच्या सरावासाठी निकेलची पातळ पट्टी मोजत होती. निकेलचा सीबेक गुणांक खोलीच्या तापमानाला साधारण उणे २० असतो, पुस्तकात बघून पडताळता येतो. तिला उणे ३२ आला. ती घाबरून माझ्याकडे आली, "ताई, माझ्याकडून काहीतरी बिघडलं बहुतेक."

बिघडलं तिच्याकडून नव्हतं. झालं होतं असं. तापमान मोजणारे दोन थर्मोकपल स्टेजवर पक्के बसवलेले, एकमेकांपासून ५ मिलिमीटरवर. जुन्या फिल्मसाठी व्होल्टेज मोजायचे चांदीचे संपर्कही तेवढ्याच अंतरावर होते. नव्या फिल्मसाठी मी नवा मास्क केला, आणि त्यात संपर्क ८ मिलिमीटर अंतरावर गेले. म्हणजे व्होल्टेज मी मोजत होते ८ मिलिमीटरचा, आणि तापमानाचा फरक ५ मिलिमीटरचा. आठ भागिले पाच, १.६. आणि वीस गुणिले १.६ किती? ३२.

मी तिथल्या तिथे भागाकार केला. ६२ भागिले १.६, साधारण ३९. पॉवर फॅक्टरमध्ये सीबेकचा वर्ग असतो, म्हणून तिथे चूक अडीचपटीहून जास्त. २३० चे झाले ९०.

त्या संध्याकाळी मी होस्टेलवर न जाता बराच वेळ प्रयोगशाळेतच बसले. बाहेर पाऊस होता. मनात काय काय येऊन गेलं ते सगळं सांगत नाही, पण एवढं सांगते, की ज्युनिअरला "स्टेज जरा खराब आहे, मी बघते" असं सांगून गप्प बसायचा विचार आला होता. तिला कळलं नसतं. निदान तेव्हा तरी नाही. पण तिनं माझा आकडा खरा धरून तिचं पहिलं वर्ष त्यावर उभं केलं असतं, तो पुन्हा मिळवायला गेली असती, आणि मिळाला नाही की तिला वाटलं असतं, आपल्यालाच जमत नाही. ती आधीच तशी होती. चूक दुसऱ्याच्या आकड्यात असली तरी आधी स्वतःलाच दोष देणारी.

सकाळी सरांना सांगितलं. ते रागावले. उगाच गोड बोलत नाही, चांगलेच रागावले. मग म्हणाले, "सारांश मागे घे. कारण लिहून दे. आणि आता नव्वद हा आकडा खरा आहे का ते दाखव मला." आम्ही थर्मोकपल हलवले, निकेल मोजलं, उणे २० आला. मग कॉन्स्टंटन मोजलं, तेही जागेवर. मग फिल्म. ३९, ३८, ४०, ३९.

आणि मग मला जे दिसलं ते आधीच दिसायला हवं होतं. ९० म्हणजे जुन्या २०च्या साडेचार पट! पद्धत खरंच चालत होती. सीबेक कलाप्रमाणे ३६ यायला हवा, तर तो ३९ येत होता. किंचित वर. त्या किंचितमध्ये शिस्तीचा वाटा असू शकतो, मोजमापातली चूकही असू शकते, त्यावर मी प्रबंधात काहीही दावा केला नाही. पण साडेचारपट माझी होती, आणि ती कोणीही पुन्हा मोजून बघू शकत होतं. फुगवलेल्या आकड्याच्या नादात मी खरा आकडा जवळजवळ फेकून देणार होते.

हे मी का सांगतेय? कारण या क्षेत्रात आकडे फुगणं फार सोपं आहे. सीबेकचा वर्ग होतो, म्हणून तिथली लहान चूक मोठी होते. फिल्म नॅनोमीटरमध्ये मोजायची, त्यात आयन आत शिरले की ती फुगते. बुडवण्याआधीची जाडी वापरली तर वाहकता खोटी वाढते. आणि झेडटी काढताना काही जण वाहकता फिल्मच्या लांबीच्या दिशेनं मोजतात आणि उष्णतेचं वहन जाडीच्या दिशेनं. साखळ्या थरांत असतात, दोन्ही दिशांना गुण सारखे नसतात. म्हणून मी माझ्या प्रबंधात झेडटी दिलाच नाही. परीक्षकांनी विचारलं, का नाही दिला? म्हटलं, मला तो त्याच दिशेनं मोजता आला नाही. त्यांनी मान डोलावली.

आता तुमच्या मनातला प्रश्न. यावर मोबाईल चार्ज होईल का? नाही. सरळ हिशोब करू. अंगाची त्वचा आणि हवा यांच्यातला फरक पट्टीच्या दोन टोकांना धरा ५ अंश. एका पट्टीचे ४० मायक्रोव्होल्ट प्रति अंश धरले तर झाले २०० मायक्रोव्होल्ट. एक व्होल्ट हवा तर अशा ५००० पट्ट्या एकापुढे एक जोडा! म्हणून हे प्लास्टिक छापता येणं, शाईसारखं पसरवता येणं महत्त्वाचं आहे. हजारो पट्ट्या हातानं नाही, छापूनच जोडता येतील. उपयोग दिसतो तो लहान सेन्सरमध्ये. कारखान्यातल्या गरम पाइपावर बसून दर काही मिनिटांनी एक आकडा पाठवायचा, एवढ्या कामासाठी बॅटरी बदलायला माणूस पाठवावा लागू नये म्हणून.

अडचणीही सांगते. एक, होलवर चालणाऱ्या पॉलिमरला इलेक्ट्रॉनवर चालणारा जोडीदार हवा, आणि हवेत टिकणारे तसे पॉलिमर फार कमी होते. अलीकडे तिथे चांगली प्रगती आहे. दोन, पातळ फिल्ममध्ये आयन पटकन शिरतात. जाड थरात आतपर्यंत पोचायला वेळ लागतो, आणि उपयोगी उपकरणाला थर जाड लागतो. तीन, टीएफएसआयमध्ये फ्लोरिन आहे, निसर्गात तो सहजी मोडत नाही. हिरवी वीज म्हणताना हेही मोजायला हवं.

आणि आशेची बाजूही आहे. २०११ साली स्वीडनच्या लिंकोपिंगच्या गटानं पेडॉट या पॉलिमरमध्ये डोपिंग मोजूनमापून कमी-जास्त करून झेडटी ०.२५ पर्यंत नेला. २०२४ साली बीजिंगच्या गटानं दोन पॉलिमरचे अतिपातळ थर एकावर एक रचून १.२८ चा दावा केला, तोही ३६८ केल्व्हिनला, म्हणजे ९५ अंश सेल्सिअसला. त्या दोन पॉलिमरपैकी एक कोणता? पीबीटीटीटी. हे वाचलं तेव्हा मला जुनी मैत्रीण पेपरात दिसावी तसं झालं. आणि २०२३ साली जपानी गटानं पॉलिमरचं डोपिंग पाण्यात, उघड्या हवेत करून दाखवलं. ग्लोव्हबॉक्सशिवाय! ज्यांनी ग्लोव्हबॉक्सच्या रबरी हातमोज्यांत उन्हाळे काढलेत, त्यांना विचारा याचा अर्थ काय ते.

ती ज्युनिअर आता स्वतः पीएचडीच्या शेवटच्या टप्प्यात आहे. तिच्या टेबलावर निकेलची ती पट्टी एका पाकिटात ठेवलेली आहे. नवीन मूल आलं की ती त्याला आधी तीच मोजायला देते. उणे २० आल्याशिवाय दुसरं काही मोजायचं नाही, असा तिचा नियम.

मागच्या महिन्यात तिचा मेसेज आला, "ताई, आज पहिल्यांदा माझा आकडा तुमच्यापेक्षा जास्त आला. दोनदा निकेल मोजलं, मगच सांगतेय."

मी विचारलं, किती?

ती म्हणाली, "छापून आल्यावर सांगते."

चला, आज इथेच थांबते. तुमचे प्रश्न जरूर पाठवा. आणि कुणी एखादा फारच सुंदर आकडा दाखवला, तर त्याला आधी प्रेमानं विचारा, निकेल किती आलं? भेटू पुढच्या भागात. नमस्कार.